जुईली वजा झाली

विलास गुरुजींना मास्तरकी करायला लागून सव्वीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत आपलं एखादं वाक्य शाळेच्या फाटकाबाहेर चालत गेलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. 'जेवणाआधी हात धुवा' म्हटलं की पोरं माना डोलवायची आणि मातीच्याच हातांनी खिचडीवर तुटून पडायची. 'नेहमी खरे बोलावे' हे तर त्यांनी फळ्याच्या वर तेलरंगात लिहून घेतलं होतं. त्याच्याच खाली उभं राहून पोरं सांगायची की वही म्हशीनं खाल्ली. गुरुजींची त्यावर काही तक्रार नव्हती. माणूस करमाळ्याकडचा, कोरड्या मुलखातला. पेरलं म्हणजे उगवतंच असं नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

ताम्हिणीच्या अलीकडे डांबरी सडक सोडून डोंगराकडे दीड किलोमीटर आत गेलं की वाघजाईवाडी लागते. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत आता पहिली आणि दुसरीच उरली होती. तिसरीपासूनची मुलं जीपनं खालच्या गावी जात. दोन्ही वर्ग मिळून अकरा मुलं. गुरुजी पौडला खोली घेऊन एकटे राहायचे आणि रोज मोटरसायकलवरून ये-जा करायचे.

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला होता आणि एकक-दशक काही केल्या पोरांच्या डोक्यात उतरत नव्हतं. 'एकवीस लिहा' म्हटलं की अकराच्या अकरा पाट्यांवर बारा.

"गुरुजी, तुमीच एक आधी म्हनला. वीस मागनं म्हनला," अनुष्का म्हणाली. ही अनुष्का दुसरीतली, सात वर्षांची, आणि कुणी नेमलेली नसताना वर्गाची पुढारी.

"अगं, बोलताना एक आधी येतो. लिहिताना दोन आधी लिहायचा."

"का?"

"दोनाची जागा मोठी आहे म्हणून. तिथं तो दोन नसतो, वीस असतो."

"मंग वीस का न्हाई लिवत?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि विचारला असता तरी उत्तर सापडलं असतं, असं त्यांना वाटलं नाही.

एरवी अशा वेळी ते गणिताची पेटी काढायचे. तिच्यात दहा-दहा काड्यांचे दहा गठ्ठे होते. पण श्रावणात गॅस संपला तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या गंगूबाईंनी चूल पेटवायला ते सगळे गठ्ठे घातले होते. "शंभर काड्या हुत्या बगा गुरुजी. लई सुक्या," असं त्यांनी वर कौतुकानं सांगितलंही होतं.

म्हणून त्या शनिवारी सकाळी गुरुजी पोरांना अंगणात घेऊन आले आणि म्हणाले, "आज काड्या तुम्हीच."

त्यांनी फक्कीनं जमिनीवर दोन घरं आखली. उजवीकडचं एककाचं, डावीकडचं दशकाचं. गंगूबाईंकडून म्हशीचा एक लांबलचक कासरा मागून आणला. मग एकेका पोराला ते एककाच्या घरात पाठवू लागले. एक, दोन, तीन. नऊ झाले तेव्हा ते थांबले.

"या घरात नवापेक्षा जास्त कुणी राहू शकत नाही. आता दहावा आला, तर काय करायचं?"

"त्याला हाकलायचं," पियूष म्हणाला. पियूष पहिलीतला, सगळ्यांत लहान.

"नाही. दहा जणांनी मिळून गठ्ठा बांधायचा आणि सगळ्यांनी शेजारच्या घरात जायचं."

दहावी पोरगी आत गेली. गुरुजींनी दहाही जणांच्या कमरेभोवती सैलसर कासरा गुंडाळला, गाठ मारली, आणि तो हसता-धडपडता गठ्ठा रेषेवरून डावीकडच्या घरात नेऊन उभा केला. अकरावी राहिली ती जुईली. दुसरीतलीच, काटकुळी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. ती एककाच्या घरात एकटी उभी राहिली.

"आता किती?"

"एक दशक, एक सुटी!" अकराही तोंडांतून एकदमच आवाज निघाला.

गुरुजींनी लगेच पुढचं विचारलं. "तिकडे एक आणि इकडे एक. दोन्ही सारखेच ना?"

"न्हाऽऽई!"

"का नाही?"

"आमी एकच हाय, पन दहाचे हाय," गठ्ठ्यातून अनुष्का ओरडली. "ती एकच हाय, पन एकाचीच हाय."

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. गुरुजींना आनंद आवरेना, आणि त्या आनंदात त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं. दरवर्षी पोरं काड्यांचे गठ्ठे उगाच सोडून तलवारी खेळायची, तो राग मनात होता. ते म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. एकदा दशक बांधला की बांधला. गणितात कारण असल्याशिवाय दशक सोडायचा नाही. उगाच सोडला तर सगळं गणित ढासळतं."

पोरांनी माना डोलावल्या. गुरुजींनी नेहमीप्रमाणे तिकडे लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं खिचडीची सुट्टी झाली. गंगूबाई ताटल्या घेऊन बसल्या होत्या. गठ्ठा कासऱ्यासकट डुलत-डुलत त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याच्या शेजारी जुईली.

"दोन ताटं द्या, गंगूमावशी," अनुष्का म्हणाली.

"दोन? आन् बाकीची उपाशी बसनार व्हय?"

"एक ताट जुईलीचं. एक आमचं. आमचं दशकाचं द्या."

गंगूबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी कौतुकानं हसत होते, म्हणून त्यांनी जास्त विचार केला नाही. जुईलीला ताटली दिली आणि गठ्ठ्यापुढे कणीक मळायची परात ठेवली. दहा डोकी परातीवर वाकली. मध्येच पियूषला लघवी लागली, तेव्हा अख्खं दशक उठून शौचालयाच्या दारापर्यंत गेलं. पियूष आत, कासरा फटीतून बाहेर, आणि बाहेर नऊ जण आभाळाकडे बघत उभे.

साडेअकराला शाळा सुटायची घंटा झाली. गुरुजी कासरा सोडायला पुढे झाले.

"कारन काय, गुरुजी?" अनुष्कानं विचारलं.

"कसलं कारण?"

"दशक सोडायचं."

"शाळा सुटली, हे कारण."

"ते गनितातलं कारन न्हाई."

"मी सांगतोय म्हणून सोडायचा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पियूषनं डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "गुरुजी, सोडलं तर समदं ढासळंल न्हवं?" आणि त्यानं एकदा शाळेच्या छपराकडे, एकदा मागच्या डोंगराकडे बघितलं.

गुरुजींचा हात गाठीपाशी थांबला. ओढली असती तर गाठ एका झटक्यात सुटली असती. पण समोर दहा पोरं उभी होती आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट ती पाळत होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती स्वतःच्या हातानं मोडायची, हे काही त्यांच्यानं होईना. त्यांना वाटलं, भूक लागली की सोडतील आपली आपण. मग आठवलं, की आत्ताच परातभर खिचडी झालीय.

दशक फाटकातून बाहेर पडलं. त्याच्या मागोमाग गुरुजी मोटरसायकल ढकलत निघाले.

वाडीत भातकापणी चालली होती. बांधावरची माणसं कमरेवर हात ठेवून बघू लागली. गठ्ठा अरुंद वाटेवरून तिरका-तिरका चालत होता आणि जुईलीची मात्र पळापळ चालली होती. एककाचं घर बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं, हे तिनं पक्कं धरलं होतं. समोरून कुणी आलं की ती गठ्ठ्याच्या एका बाजूला. मागून कुणी आलं की पळत दुसऱ्या बाजूला. एकदा दोन्हीकडून माणसं आली, तेव्हा ती मधोमध थांबून रडकुंडीला आली.

"जुईले, तिकडं जाऊ नगंस," अनुष्कानं तिला बजावलं. "तिकडनं उभी ऱ्हायलीस तर तू दहा व्हशील."

जुईलीनं क्षणभर विचार केला. दहा व्हायला तिला आवडलं असतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती मुकाट्यानं उजवीकडे आली.

असं करत-करत सगळी वरात देवळापुढच्या खळ्यावर येऊन थांबली. तिथं समोरून हैबतराव आले.

हैबतराव म्हणजे पियूषचे आजोबा आणि शाळा समितीचे अध्यक्ष. सडकेकडची जमीन विकून त्यांनी दुमजली घर बांधलं होतं, आणि त्या दिवशी त्या घरात त्यांच्या थोरल्या नातीची, अपूर्वाची, सुपारी फुटायची होती. हिंजवडीकडच्या चांद्याहून पाहुणे आले होते. हैबतरावांनी परीटघडीची टोपी घातली होती आणि नातवाला न्यायला ते स्वतः आले होते, कारण घरात बाकी कुणाला सवड नव्हती.

"पियूष, चल. पावनं आल्यात."

"आबा, मी पियूष न्हाई," गठ्ठ्यातून आवाज आला. "मी दशकात हाय."

हैबतराव गुरुजींकडे वळले. "काय ओ हे?"

"गणित चाललंय, आबा."

"आज शनवार. बारा वाजल्यात."

"हो. संपत नाहीये."

हैबतरावांनी घसा साफ केला. सगळ्या वाडीला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे: हैबतराव चौथीत तीनदा नापास झाले होते, तिन्ही वेळा गणितात. पुढे त्यांनी जमिनी घेतल्या-विकल्या, निवडणूक लढवली, वाघ दिसला म्हणून एकटे काठी घेऊन रानात गेले. पण गणित म्हटलं की आजही त्यांच्या तळव्यांना घाम यायचा.

"बरं, चालू द्या," ते नरमाईनं म्हणाले. "माझा नातू तेवढा द्या."

"किती पायजेत?" अनुष्कानं विचारलं.

"किती म्हंजे? एक!"

"अकरातनं एक वजा!" अनुष्कानं पुकारलं, आणि सगळं दशक एका सुरात म्हणालं, "आधी एककाच्या घरातनं!"

जुईली एक पाऊल पुढे आली आणि तिनं हैबतरावांचं बोट धरलं. "चला, आबा."

"अगं, तू रेश्माची पोरगी. मला पियूष पायजे."

"आबा, वजाबाकी सुट्यापासनं करत्यात," अनुष्का समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुमाला एक पायजे हुता. एक घावला. मागं ऱ्हायलं दहा. उत्तर बरोबर हाय."

हैबतरावांनी टोपी काढली, परत घातली, आणि हळू आवाजात गुरुजींना विचारलं, "बरोबर हाय का ओ?"

गुरुजींची अडचण झाली. माणूस चुकीचा होता, हे दिसत होतं. पण अकरातून एक गेला की दहा राहतात, हे काही चुकीचं म्हणता येत नव्हतं. आणि आयुष्यभर चूक त्या पाटीवर फुली आणि बरोबर त्या पाटीवर खूण, एवढंच त्यांनी केलं होतं.

"उत्तर… बरोबर आहे, आबा."

हैबतरावांनी सुस्कारा सोडला. तीनदा नापास झालेला माणूस चौथ्यांदा कशाला वाद घालील? "बरं," ते म्हणाले. "जुईली तर जुईली." आणि तिचं बोट धरून ते घराकडे चालू लागले. वळणावर जुईलीनं एकदा मागं पाहिलं. मग ती त्यांच्या उजव्या बाजूला आली आणि दोघं दिसेनासे झाले.

"गुरुजी, जमलं आमाला!" दशक आनंदानं उड्या मारू लागलं आणि कासऱ्यात पाय अडकून सगळंच्या सगळं खळ्यावर आडवं झालं.

गुरुजी पोरांना उभं करत होते, तोवर जुईलीची आई, रेश्मा, वावरातून विळा हातात घेऊनच आली.

"माझी जुईली कुटंय?"

"जुईली वजा झाली, काकी," पियूष म्हणाला.

विळा हातातून गळून पडला. रेश्मा मटकन खाली बसली आणि तिनं असा टाहो फोडला, की तीन वावरांतली कापणी थांबली. बाया धावत आल्या. "अगं बया, सकाळी तर हंडा घिऊन चालली हुती!" एकजण म्हणाली. दुसरीनं पदर तोंडाला लावला. गुरुजी हात वर करून ओरडू लागले, "ताई, ताई, ऐका! काही झालं नाही तिला. ती हैबतआबांच्या घरी आहे."

रडणं थांबलं. रेश्मानं डोळे पुसले. "त्यांच्या घरी कशाला?"

"आम्ही… म्हणजे गणितानं… त्यांना दिली."

"दिली?" रेश्मा उठून उभी राहिली. "त्या घरात आज सुपारी हाय! सात वर्साच्या पोरीला तुमी सुपारीच्या घरात दिली?"

आता टाहो नव्हता, पण विळा परत हातात आला होता. गुरुजींनी घाईघाईनं सगळं सांगितलं: काड्या, कासरा, दशक, सुटी, अकरातून एक. बायांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी, सगुणाबाई, गुरुजींच्या कपाळाला हात लावून बघून म्हणाली, "ताप न्हाई."

"मला त्यातलं काय ठावं न्हाई," रेश्मा म्हणाली. "सकाळी मी शाळंत एक पोर दिलं हुतं. मला माझं पोर द्या."

"किती?" अनुष्कानं विचारलं.

"एक!"

"दहातनं एक वजा," अनुष्का म्हणाली. "आधी एककाच्या…" आणि ती थांबली.

सगळ्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

दहा तोंडं गुरुजींकडे वळली. "गुरुजी, एककाच्या घरात शून्य हाय," अनुष्का म्हणाली. "शून्यातनं एक जात न्हाई."

"नाही जात," गुरुजी म्हणाले.

"मंग काकींनी घरी जावं."

"मी न्हाई जायाची!" रेश्मा म्हणाली.

दुपारचा एक वाजला होता, ऊन कलायला तयार नव्हतं आणि कासऱ्याला म्हशीचा वास येत होता. गुरुजींनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. ही वजाबाकी दिवाळीनंतर शिकवायची होती. त्यांच्या वार्षिक नियोजनात तसं लाल शाईनं लिहिलेलं होतं. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पोरांना कारण हवं होतं. गणितातलं. ते कारण हातात विळा घेऊन समोर उभं होतं.

त्यांनी एक काटकी उचलली आणि खळ्याच्या मातीत दोन घरं काढली.

"दशकानं आपल्या घरात उभं राहा." दशक डावीकडे उभं राहिलं. "एककाच्या घरात शून्य. काकींना हवाय एक. आपल्या घरात नसेल तर माणूस काय करतं? गंगूमावशीच्या घरात मीठ संपलं तर?"

"शेजारच्या घरातनं आनतं."

"मग एककाचं शेजारचं घर कुठलं?"

मग दहाही जणांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

"आमचं," पियूष म्हणाला.

"चला तर. एककाच्या घरानं तुम्हाला बोलावलंय. पण गाठ इथं सोडायची नाही. आधी रेष ओलांडायची, आणि तिकडं पोहोचल्यावर सुटं व्हायचं. दहाचं एक होतं, आता एकाचे दहा."

दशकानं रेष ओलांडली. बायांनी श्वास रोखला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गुरुजी गुडघ्यावर बसले, गाठ सैल केली आणि कासरा भुईवर पडला. पियूषनं डोंगराकडे पाहिलं. डोंगर होता तिथंच होता.

"दहा सुटे!" अनुष्का ओरडली. मग तिनं डावीकडच्या रिकाम्या घराकडे बोट दाखवलं. "पन गुरुजी, त्यांच्या घरातलं आनलं, ते परत कवा द्यायचं?"

हा प्रश्न मात्र गुरुजींना नवा नव्हता. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि दरवर्षी ते 'गप बस, पुढचं लिही' म्हणायचे. आज दहा जणं त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि काहीही सांगितलं तरी खरं मानणार होती. त्यांना भीती वाटली. त्यांनी मातीतली दोन्ही घरं पुन्हा पाहिली.

"परत द्यायचं नसतं," ते शेवटी म्हणाले. "कारण कुठं गेलंच नाही. आधी तुम्ही बांधलेले होतात, आता सुटे आहात. आहात तेवढेच."

अनुष्कानं दहा डोकी मोजली. तेवढीच होती. तिनं मान डोलावली.

"मग दहातून एक घ्या, ताई," गुरुजी म्हणाले.

रेश्मानं दहाही पोरांवरून नजर फिरवली. त्यात जुईली नव्हती. पण तिच्या पदराला पियूष लोंबकळत होता, आणि ऊन फार झालं होतं. "ह्योच बरा," ती म्हणाली आणि तिनं त्याला कडेवर घेतलं. "ह्याला हैबतआबाकडं टाकते आन् माझी सोडवून आनते."

"मागं नऊ!" पोरांनी कल्ला केला, आणि कुणी 'पळा' म्हटलेलं नसताना नऊ जण नऊ दिशांना आपापल्या घराकडे पळाले.

गुरुजींनी मोटरसायकल चालू केली. पियूषला पुढे टाकीवर घेतलं, रेश्मा मागे बसली. हैबतरावांचं घर वाडीच्या खालच्या अंगाला होतं. दारात मांडव होता, पण मांडवातून जी गडबड ऐकू यायला हवी, ती येत नव्हती.

आत गेल्यावर त्यांना दिसलं ते असं. दोन पंगती बसल्या होत्या, एकेका पंगतीत बरोबर दहा माणसं, पाट एकमेकांना चिकटवलेले, आणि बायकांच्या शेल्यांची टोकं व पुरुषांची उपरणी एकमेकांना गाठी मारून जोडलेली. चांद्याचे पाहुणे आणि घरचे लोक त्यात असे मिसळले होते, की कोण कुठल्या बाजूचं ते कळत नव्हतं. दोन्ही पंगतींच्या मधून जुईली हातात मिठाचं भांडं घेऊन फिरत होती. आणि पंगती सोडून लांब, उजवीकडे, पायरीवर तीन माणसं बसली होती: नवरदेव अमोघ, त्याचे मामा कोंडाजी, आणि परीटघडीच्या टोपीतले हैबतराव.

"जुईले!" रेश्मानं हाक मारली.

"आये, थांब. तेवीस पानं हायेत," जुईली म्हणाली. "दोन दशक, तीन सुटे."

रेश्मानं तिला जवळ ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच छातीशी धरलं. जुईलीनं मिठाचं भांडं सांडू दिलं नाही.

अमोघ हिंजवडीच्या कंपनीत होता. मोबाइलमधून डोकं वर करून तो म्हणाला, "सर, तुमची स्टुडंट ना ही? कमाल आहे. आल्या-आल्या सगळ्यांना सिस्टीममध्ये बसवलं. आमच्या मॅनेजरला दोन वर्षांत नाही जमलं." सुट्यांत बसावं लागलं याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. मामा कोंडाजींनाही नव्हतं. ते भिंतीला टेकून डुलकी घेत होते.

हैबतरावांना मात्र वाटत होतं. पियूष येऊन मांडीवर बसला तरी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी गुरुजींना जवळ बोलावलं आणि कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी, एक इचारू? घर माजं. नात माजी. मांडव मी घातला. आन् त्या पोरीनं मला सुट्यात काडलं. मी म्हनलं, बाई, मला दशकात घे. तर म्हनली, दशक भरलं." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "चार मान्सांत माजी किंमत न्हाई ऱ्हायली, गुरुजी. हे गनित बरोबर हाय का?"

गुरुजींनी पंगती मोजल्या. दहा आणि दहा. पायरीवर तीन. तेवीस. यात चूक कुठंच नव्हती. पण हैबतरावांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांचं पान अजून कोरडं होतं. गुरुजी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"आबा, गणित बरोबर आहे. पण मला सांगा, बेरीज करताना सुरुवात कुठून करतात?"

हैबतराव दचकले. तीन वर्षांची चौथी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. "डावीकडनं?" त्यांनी भीत-भीत विचारलं.

"उजवीकडून. सुट्यांपासून. बेरीज असो, वजाबाकी असो, आधी सुटे बघायचे. त्यांचं झालं की मग दशकाकडे जायचं. सुट्यांना सोडून दशकापासून सुरुवात केली तर उत्तर चुकतं."

"म्हंजे सुरुवात माज्यापासनं?"

"तुमच्यापासूनच."

हैबतरावांनी टोपी नीट केली, पाठ ताठ केली आणि सबंध मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अरं, जिलबी कुटंय? वाढायला सुरुवात हितनं करा. हितनं! मागनं दशकाला वाढा."

वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन पायरीकडे पळाला. दोन्ही पंगतींतली माणसं गाठींसकट तिकडे वळून बघू लागली. हैबतरावांनी पहिली जिलबी पानात घेतली, दुसरी पियूषच्या तोंडात घातली, आणि गुरुजी उठायला लागले तसा त्यांचा हात धरला.

"कुटं चालला? बसा. जुईले, गुरुजींचं पान मांड."

जुईलीनं आईच्या कुशीतून मान बाहेर काढली आणि पायरीकडे बघून हिशेब केला. "चार सुटे," ती म्हणाली. "अजून जागा हाय. आये, तू बी बस."

गुरुजींनी चपला काढल्या. पाण्याचा तांब्या घेऊन ते अंगणाच्या कडेला गेले, हात धुतले आणि पायरीवर येऊन कोंडाजींच्या पलीकडे बसले.